४१ दिवस तंबाखू सोडली होती, काल रात्रपाळीत परत चिमूट घेतली. सगळं वाया गेलं का?

रात्रपाळी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, वाचतो बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदा. शिरोलीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, वय ३८. एकोणिसाव्या वर्षापासून तंबाखू, मळायची, चुना लावून, दिवसाला दोन पुड्या. डाव्या गालात जिथं बार धरायचो तिथं पांढरट चट्टा आलाय, दातांच्या डॉक्टरांनी आरशात दाखवला आणि म्हणाले आजपासून बंद, मग परत या, बघू जातो का. त्या दिवशी घरी येताना डबी पंचगंगेच्या पुलावरून टाकली. पहिला आठवडा लई वाईट गेला, डोकं धरायचं, पोरांवर ओरडायचो, संडास साफ होईना, पण काढला. नंतर सोपं होत गेलं, मला वाटायला लागलं जमलं आपल्याला.

काल रात्री अडीचला ओतकाम संपलं, भट्टीपासून लांब चहा घेऊन बसलो होतो. जोडीदार मळत होता, अंगठा फिरवला, थाप मारली, तो धुरळा नाकात गेला आणि त्यानं नेहमीसारखा तळवा पुढं केला. बारा वर्षं करतोय तो असं, काही बोलत नाही, नुसता तळवा. आणि माझा हात गेला. खरं सांगतो तलफ पण नव्हती त्या वेळी, हात आपला आपण गेला. दोन मिनिटात चक्कर आल्यासारखं झालं, थुंकलो, चूळ भरली, पण गेली ती गेलीच ना.

सकाळी घरी जाताना टपरीसमोर गाडी थांबवली. बंद नाही केली, चालू ठेवूनच उभा राहिलो, असा किती वेळ उभा होतो माहीत नाही, मग निघालो. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय की आपल्यानं होणार नाही, वडिलांनी पण तीनदा सोडलेली आणि तिन्हीदा धरलेली. बायको दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर रोज आकडा लिहिते, आज सकाळी तिनं ४२ लिहिला. मला सांगायला तोंड उघडंना. आज परत रात्रपाळीच आहे. कुणी यातनं गेला असाल तर सांगा.

यवतमाळचा_भाऊ

भाऊ, मी खर्रावाला, सुपारी-तंबाखू-चुना घोटून करते तो. १४ वर्षं खाल्ला, दिवसाला ५-६ पन्न्या. तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण माझंबी असंच झालं होतं, फक्त मी टपरीसमोरून निघालो नाही, उतरलो. सात महिने बंद होता माझा, मामाच्या पोराच्या लग्नात मांडवामागं सगळे घोटत बसले होते, एक घेतला. त्या एकानं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा मनात आलं की आता तुटलंच आहे तर तुटू दे, सोमवारपासून परत बघू. तो सोमवार दोन वर्षांनी आला. म्हणून सांगतो, काल काय झालं त्याच्यावर विचार करत बसू नका, पुडी विकत घेऊ नका बस. लोकाच्या तळव्यावरची चिमूट एक झाली, पण आपल्या खिशात पुडी आली की ती संपेपर्यंत सोडत नाही.

दुसऱ्या वेळी मी निकोटिनचं च्युइंगगम घेतलं, २ एमजीचं, मेडिकलवर मिळते. ते साध्या गमसारखं चघळत राहायचं नसते, हळू चावायचं, तिखट झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचं, परत थोडं चावायचं, अर्धा तास. आणि चहाबरोबर नाही, चहानं त्याचा असर कमी होते. मला त्याचा फायदा झाला. आता तीन वर्षं झाली. खर्र्यापायी माझ्या चुलतभावाचं तोंड आज दीड बोट उघडते फक्त, भाकर कुस्करून दुधात खातो तो, मी त्याच्यासमोर बसून जेवतो तेव्हा माझा घास उतरत नाही.

निवृत्त_सुभेदार

वरच्या भावाचा अनुभव मान्य पण मला एक गोष्ट पटत नाही. चिमूट ती चिमूट. एकच होती, थुंकली होती, हात आपोआप गेला, असं म्हणायला लागलं की पुढच्या वेळी पण हात आपोआपच जातो. मी सिगरेट सोडली तेव्हा नियम एकच ठेवला होता, एक झुरका मारला तरी मोजणी १ पासून. दोनदा परत १ पासून मोजली, तिसऱ्यांदा मोजायची वेळच आली नाही, ११ वर्षं झाली. आणि घरी आज सांगा, उद्या नको. ती ४३ लिहील, ४४ लिहील, आणि प्रत्येक आकड्याला तुम्हाला आतून टोचत राहील, आणि असं टोचायला लागलं की माणूस लपून खायला लागतो.

दातांची_डॉक्टर

मी ग्रामीण रुग्णालयात दंतविभागात आहे, रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही स्वतःच लिहिलंय की तलफ नव्हती, हात गेला. ते अगदी बरोबर आहे. निकोटिन सुटतानाचा शरीराचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. तुम्ही तो टप्पा कधीच पार केलाय. चक्कर आली ती पण त्यामुळेच, शरीराची सवय मोडलेली आहे. जे उरलंय ते शरीराचं मागणं नाही, जागेची आठवण आहे, अडीच वाजता, चहा, तो आवाज, तो तळवा. एकोणीस वर्षांची आठवण ४१ दिवसांत पुसत नाही, पण तिच्याशी झुंजायला नुसतं मन घट्ट करून भागत नाही, त्या अडीच वाजताचं काहीतरी बदलावं लागतं. चहा दुसरीकडे घ्या, हातात ग्लास दोन्ही हातांनी धरा, खिशात लवंग किंवा बडीशेप ठेवा (सुपारी अजिबात नको, चट्टा असताना तर नकोच), आणि जोडीदाराला पाळी सुरू व्हायच्या आधी सांगा. तो वाईट माणूस नाही, त्याचा हात पण सवयीनंच पुढे येतोय. तलफ आलीच तरी ५-१० मिनिटांत उतरते, तेवढा वेळ उठून चालायचं.

गमबद्दल, यवतमाळच्या दादांनी पद्धत बरोबर सांगितली आहे, पण तुमचं निकोटिन बंद होऊन सहा आठवडे झालेत, एका चिमटीसाठी परत चालू करू नका. रोजची सुरू झाली तरच, आणि डॉक्टरांना विचारून. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, फुकट आहे, सोडायला मदत करतात.

सुभेदार काकांशी मी अर्धी सहमत आहे. घरी सांगा, हे शंभर टक्के. पण १ पासून मोजा हे सगळ्यांना मानवत नाही, माझे कितीतरी पेशंट "परत १" ऐकूनच यायचे बंद होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो चट्टा. सहा आठवडे झाले, तुम्ही परत दाखवलाय का? सोडल्यावर दोन-चार आठवड्यांत बघायचा असतो, कमी होत नसेल तर छोटा तुकडा काढून तपासायला लागतो. ४१ की ४२ याच्यापेक्षा मला याची काळजी वाटते.

साताऱ्याची_आक्का

बाळा मी बोलून टाईप करते चूक झाली तर समजून घे. मी मिश्री लावायची, लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चुलीवर तव्यात तंबाखू भाजायच्या, काळी झाली की कुटायच्या, सगळ्या बायका पहाटे परड्यात बसून लावायच्या आणि तेवढाच काय तो आमचा बसायचा वेळ, कुणाचं पोर आजारी, कुणाला माहेरचा निरोप, सगळं तिथंच. ३१ वर्षं लावली. सोडायचं ठरवलं तेव्हा मिश्री सुटली पण ते बसणं सुटवंना, गेले की बोट जायचंच डबीत. मग मी काय केलं, जायचं बंद नाही केलं, हातात काम घेऊन जायला लागले, कधी लसूण सोलायचा कधी शेंगा फोडायच्या, दोन्ही हात गुंतलेले. तरी चार वेळा लावली मी पहिल्या वर्षात. चार वेळा, मोजून सांगते. मालकांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती डबी उचलून गोठ्याच्या आढ्यावर ठेवली, मला हात पोचत नव्हता तिथं. तुझ्या बायकोला सांग बाळा, ती रोज आकडा लिहिते म्हणजे ती तुझ्याबरोबर सोडतीय.

रात्रपाळी_कोल्हापूर

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. काल पाळीला जायच्या आधीच बायकोला सांगितलं, भाकरी थापत होती, तशीच थांबली. रागावली नाही, विचारलं आज कुणाबरोबर चहा घेणार. जोडीदाराला गेटवरच सांगितलं, तळवा पुढं करू नको माझ्यासमोर. तो गप्प झाला, मग म्हणाला मला पण तोंडात जळजळतंय चार महिने, तिखट खाता येत नाही. डॉक्टर ताई, हे ऐकून मला भीती वाटली. अडीचला मी लवंग धरली आणि पॅटर्न शॉपच्या बाजूला जाऊन चहा घेतला, तो थोड्या वेळानं तिथंच आला. मळून आला होता, पण लांब बसला.

चट्टा दाखवला नाही परत, खरं सांगतो, घाबरून गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी जातोय, त्याला पण घेऊन जातो.

सुभेदार काका, बायकोनं ४२ खोडला नाही, ४१ च्या पुढं बारीक फुली मारली आणि आज ४३ लिहिला.

दातांची_डॉक्टर

जोडीदाराला नक्की न्या. चार महिने जळजळ आणि तिखट सहन न होणं, यात वाट बघत थांबायचं नसतं. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघायला सांगा त्याला, आजच. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, सुट्टीची वाट बघू नका.