लीडिंग फायरमनचा सब ऑफिसर झाल्यावर कॉलवर नक्की काय बदलतं?

नवा_बिल्ला
नगरपालिकेच्या केंद्रात लीडिंग फायरमन आहे, लवकरच सब ऑफिसरचा चार्ज येतोय. 4500 लिटरचा एकच बंब, ड्रायव्हर आणि मला धरून शिफ्टला सहा जण. निम्मे माझ्याहून सिनियर. पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत इन्चार्जनं काय करायचं?

घंटा_101
सगळ्यात आधी, ब्रांच (पाइपच्या टोकाची पाणी मारायची नळी) हातात घ्यायची नाही. सवयीनं हात तिकडेच जातो आणि इमारतीच्या मागे काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. उतरल्याबरोबर जमेल तेवढी फेरी मारा: धूर कुठून आणि किती जोरात येतोय, दुसरा जिना आहे का, मीटरची खोली आणि गॅस कुठे. वॉचमनला विचारा, आत कोण राहिलंय. मग कंट्रोल रूमला मेसेज: किती मजली, कितव्यावर आग, काय जळतंय, माणसं अडकलीत का, पाण्याचे किती जेट (फवारे) चालू, आणखी काय हवं. लाइट तोडायला त्याच मेसेजमध्ये सांगा. नुसतं ‘मोठी आग आहे, गाड्या पाठवा’ म्हटलं तर कंट्रोलनं काय पाठवायचं? शंका आली की जादा गाडी तेव्हाच मागा. नको असेल तर परत पाठवता येते.

पंपावरचा
पाण्याचं आधी बघा साहेब. 20 मिमीचं नोझल 7 बार दाबाला मिनिटाला साधारण 700 लिटर ओढतं. म्हणजे तुमची टाकी साडेसहा मिनिटांच्या आत कोरडी, दोन जेटना जेमतेम तीन मिनिटं. 12 मिमीला 250 लिटर लागतात. एका खोलीच्या आगीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं आणि टाकी अठरा मिनिटं जाते. जेट सुरू होण्याआधीच पुढचं पाणी कुठलं ते ठरवा: हायड्रंट, सोसायटीची टाकी, टँकर. वर चढताना दर 10 मीटरला पंपाचा दाब 1 बार वाढवायचा, होजमधला (पाण्याच्या पाइपमधला) दाबाचा तोटा वेगळा. आणि ब्रांचला पाणी येईपर्यंत कुणाला खिडक्या फोडू देऊ नका. हवा मिळाली की आग खोलीभर होते.

नवा_बिल्ला
बीए बोर्डला (श्वसनयंत्र, म्हणजे बीए सेट, लावून आत गेलेल्यांची हवा आणि वेळ लिहायचा फलक) माणूसच उरत नाही, त्याचं काय?

घंटा_101
बोर्ड तुम्हीच सांभाळायचा. ड्रायव्हर पंपावर, दोघे आत, दोघे सेट पाठीला लावून बाहेर तयार. होज ओढायचं काम त्यांच्याकडेच. आत जाताना प्रत्येकाचा प्रेशर आणि वेळ लिहा. 6.8 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बारला 2040 लिटर हवा असते. हवा संपत आल्याची शिटी 55 बारला वाजते असं धरलं तर हाताशी 1660 च्या आसपास. मिनिटाला 40 लिटरनं 41 मिनिटं होतात, पण होज ओढत जिना चढणारा 60 सहज घेतो, मग 27. शिटी वाजल्यावर निघायचं नसतं, तेव्हा बाहेर पोचलेलं असावं लागतं. जायला-यायला सारखीच हवा धरली तर 180 बारला मागे फिरा.

पंपावरचा
कागदावर ठीक. पण भर गर्दीत रेडिओ, बोर्ड आणि बघ्यांना आवरणं एकट्याला झेपत नाही. पोलीस येईपर्यंत गर्दी हटवायला वॉचमनला किंवा सोसायटीच्या पोरांना लावा.

होज_रील
सिनियरांचं राहिलंच. ‘कुणीतरी मागे बघा’ म्हटलं की कुणीच जात नाही. नाव, काम, जागा: ‘काका, दुसरी लाइन मागच्या जिन्यानं तिसऱ्यापर्यंत, पोचलात की सांगा.’ त्यांनी ते उलट बोलून दाखवायचं. कोण कुठे जाणार हे सकाळच्या हजेरीलाच वाटून टाका, म्हणजे कॉलवर वाद होत नाही. चूक दिसली तर तिथे फक्त थांबवा, बाकीचं केंद्रावर, एकट्याला बोलावून.