मदत हवी आहे: जादा कामाचं बिल अडकलंय, वकिलाकडे काय घेऊन जाऊ?
मंडळी, सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून प्लास्टरचं काम पूर्ण केलं. वर्क ऑर्डरचे पैसे मिळाले. जादा कामाचं बिल आणि रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) मात्र अडकलंय. जादा काम मुख्य कंत्राटदारांनी साइटवर तोंडीच सांगितलेलं. पुरावा म्हणजे मेजरमेंट बुकातली (कामाच्या मोजमापांच्या वहीतली) तीन पानं (दोनांवर त्यांच्या इंजिनिअरची सही, तिसऱ्यावर नुसती पेन्सिलची टिक!) आणि मोबाईलमधले फोटो. आता म्हणतात, प्लास्टरला भेगा आहेत, उलट तुम्हीच भरपाई द्या.

करारात लवादाचं कलम आहे (म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादापुढे सोडवायचा), त्यामुळे थेट कोर्टात गेलो तर ते त्यावरच बोट ठेवणार. बांधकामाचे दावे चालवणारा वकील पहिल्या भेटीत काय काय मागतो? नोटिशीआधी भेगांची तपासणी त्रयस्थ इंजिनिअरकडून करून घ्यावी का? 'फुल अँड फायनल'वर (सगळा हिशेब मिटला, आता काही येणं नाही, अशा कागदावर) सही मागताहेत, अजून केलेली नाही.