लाकडी जमिनीवर फ्लोअरस्टँडिंग स्पीकर: डग्गा फार घुमतो, काय करावं?

वाड्यातला श्रोता
सदाशिव पेठेतला जुना वाडा, पहिला मजला, सागवानी कडीपाट. खोली 15 बाय 10 फूट, उंची 9 फूट. प्रत्येकी 24 किलोचे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर, पोर्ट (हवेचं भोक) मागे, खाली स्पाइक (टोकदार पाय), भिंतीपासून जेमतेम वीतभर. विलंबित एकतालात डग्ग्याचा घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) फुगून येतो आणि गाणाऱ्याचा खर्ज त्यात बुडतो. कपाटाच्या काचा थरथरतात. हेच स्पीकर बहिणीच्या फ्लॅटमध्ये, स्लॅबवर, स्वच्छ वाजत होते. खाली काय ठेवू?

मंद्रसप्तक
आधी पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून ऐका. फुकटात होतं.

लाकूडकाम
बोळा घालाच, पण तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. ती आधी वेगळी करा.

पहिलं जमिनीचं. कड्यांवर ठोकलेली फळी म्हणजे ताणलेलं कातडंच. स्पाइकमुळे खोक्याची थरथर थेट तिच्यात उतरते आणि जमीन स्वतः वाजू लागते. स्लॅब जड असतो, तो हलत नाही. म्हणून स्पाइक तिथे शोभतात, इथे नाही.

दुसरं खोलीचं. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला तर 10 फूट रुंदीचा अनुनाद 56 हर्ट्झला येतो आणि 9 फूट उंचीचा 62 च्या आसपास. दोघे शेजारी-शेजारी, त्यामुळे त्या पट्ट्यात ढीग होतो. यावर स्पीकरखाली ठेवलेलं रबर वगैरे काहीही करणार नाही.

ओळखायचं कसं? स्कूटरच्या ट्यूबमध्ये अर्धवट हवा भरा, वर प्लायवूड, त्यावर स्पीकर. कोणीतरी धरून ठेवा, कलंडेल. जे घुमणं गेलं ते जमिनीचं, उरलं ते खोलीचं.

वाड्यातला श्रोता
केलं. काचा गप्प झाल्या! खर्ज मोकळा झाला. पण डग्ग्याचे काही स्वर अजून फुगतात.

लाकूडकाम
मग ट्यूबच्या जागी कायमचं करा: रबराच्या चकत्या, वर 18 इंची चौरस, 2 इंच जाड कडप्पा, वर स्पीकर. रबर त्या एकूण वजनाला थोडं दबलं पाहिजे. अजिबात दबलं नाही तर थरथर आरपार जाते. कडप्पा एकेक 25 किलोच्या वर भरेल, म्हणून आधी जाणत्या सुताराकडून कड्या तपासून घ्या. फळ्यांवर खिळ्यांच्या रांगा दिसतात, त्यांच्याखाली कडी असते. वजन त्या रांगेवर येऊ द्या, मधल्या फळीवर नको.

उरलेल्यासाठी स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणा, मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर एकसारखं ठेवू नका, आणि तुमची खुर्चीही मागच्या भिंतीला टेकवू नका.

मंद्रसप्तक
त्यानंतरही 56 ते 62 मध्ये डोंगर उरला तर रूम ईक्यू विझार्ड या खोलीचा आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने मोजून इक्वलायझरने तेवढाच कापा. जिथे आवाज कमी पडतो ते खड्डे मात्र भरायला जाऊ नका, ॲम्प्लिफायर उगाच दमतो.