सल्ला हवा: संसार आणि मोडलेलं लग्न, मराठी कादंबरी, बजेट ३००

ऐरोलीची_मनी:
आमच्या सोसायटीत आठ जणींचा वाचनगट आहे. पुढच्या महिन्याची कादंबरी निवडायची पाळी माझी. घर, मुलं, सासर सगळं हवं आणि त्यात लग्न मोडतं असं हवं. नवरा दारुडा नि मारकुटा, ही सोपी वाट नको. आत्मचरित्र नको. एका प्रतीला ३०० च्या वर जायचं नाही. मी ऐरोली-ठाणे लोकलमध्ये उभ्याने वाचते, तेव्हा एका हातात पेलेल एवढंच. गटातल्या एकीचा घटस्फोट नुकताच झालाय, विषय तिनेच सुचवला.

कोपरीकर:
'आहे मनोहर तरी'. डोळे मिटून घ्या. माझ्याकडे १९९० ची पहिली आवृत्ती आहे, कुणाला देत नाही.

नौपाडा_३:
काका, ते आत्मचरित्र आहे आणि त्यात लग्न मोडत नाही. ताईंनी वर लिहिलंय ते वाचा की. ताई, मेघना पेठे यांची 'नातिचरामि' घ्या. घटस्फोट झालेली बाई आहे, पण रडगाणं नाही. किमतीचं म्हणाल तर असली पुस्तकं भाव बघून घेत नाहीत.

वाशीची_सून:
नातिचरामि लग्नात दोघांनी म्हणायचं असतं ना? आमच्या गुरुजींनी दोघांकडून म्हणवून घेतलं होतं. माइकवरून.

कोपरीकर:
फक्त वर म्हणतो. मुलीचा बाप सांगतो की धर्म, अर्थ, काम यांत हिला ओलांडून जाऊ नकोस. त्यावर तो म्हणतो, नाही जाणार. वधूकडून हे वदवून घेत नाहीत.

वाशीची_सून:
म्हणजे मला सूट होती! संध्याकाळी घरी सांगते.

घणसोलीचा_बाळ्या:
कुठलंही घ्या, पण जुनं पुस्तक ऑनलाइन मागवू नका. मी मागवलं. ९७ ते ११२ पानं दोनदा आणि ११३ ते १२८ गायब. नवरा-बायकोचं भांडण पेटलं आणि पान उलटतो तर मुलीचं बारसं. परत घेतलं नाही, पैसेही नाहीत. दुकानात जाऊन पानं बघून घ्या.

कोर्टनाका:
मी कोर्टात कारकुनी केली, म्हणून सांगतो. आधी साल बघा. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ ला, देशभर १९५५ ला, परस्पर संमतीची सोय १९७६ ला. त्याआधीच्या पुस्तकात लग्न मोडतं ते मनात, कागदावर नाही. विभावरी शिरूरकरांचं 'हिंदोळ्यावर' १९३४ चं, ते या नजरेने वाचा. आणि मालिकांत दोन सह्या करून मोकळे होतात ना, तसं काही नसतं. संमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं. ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण मागितले की मिळाले असं नव्हे.

रबाळे_पूर्व:
आमच्यात काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या होता. पंच बसायचे, बाई दुसरा घरोबा करायची. १९४७ ची वाट तुम्ही बघत होता.

कोर्टनाका:
बरोबर. रूढीने होणारा काडीमोड कायद्यानेही मानला आहे. लिहायचं राहिलं.

नौपाडा_३:
कायद्याचा वेगळा धागा काढा ना. पुस्तकाचं बोला. गौरी देशपांडे कुणी कशी सुचवली नाही? 'एकेक पान गळावया' मध्ये तीन लघुकादंबऱ्या आहेत, लोकलला उत्तम.

वाशीची_सून:
नातिचरामि +१. मी वाचलेली नाही, पण आता वाचणार.

दिघा_लोकल:
पेंडशांचं 'रथचक्र'. १९६२ चं. नवरा घर सोडून निघून जातो, बायको मुलांना घेऊन कोकणातल्या त्याच एकत्र कुटुंबात राहते. माझ्या आजीने एका बैठकीत संपवलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. का ते आम्ही विचारलं नाही.

नौपाडा_३:
त्यात घटस्फोट कुठे आहे?

कोपरीकर:
१९६३ चं साहित्य अकादमी आहे त्याला. पण विषयात बसत नाही.

वाशीची_सून:
हो, नाही बसत.

दिघा_लोकल:
बरं.

ऐरोलीची_मनी:
सगळ्यांचे आभार. 'रथचक्र' घेतलं. मैत्रिणीने हा धागा पहिल्यापासून वाचला. म्हणाली, घटस्फोटाचं कोर्टात पुरे झालं, हे दिघ्याच्या आजीचं पुस्तक वाचू. एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणली (सासऱ्यांचं सभासदत्व आहे, १८९३ ची संस्था असल्याचं ते दर वेळी सांगतात), एक रद्दीवाल्याकडून ९० रुपयांना. चौघी-चौघींत फिरवू. एका हातात पेलतं की नाही ते उद्या ८.२४ ला कळेल.

घणसोलीचा_बाळ्या:
रद्दीवाल्याच्या प्रतीची पानं मोजलीत ना?

ऐरोलीची_मनी:
मोजते.

कोपरीकर:
तरी 'आहे मनोहर तरी' वाचाच.