वजन ६२ आणि ट्रायग्लिसराइड २३६, लॅबची गडबड असेल का?

हडकुळा_पुणेकर
कंपनीच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. वय ४१, उंची १७० सेंमी, वजन ६२. कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड २३६, एचडीएल ३३, एलडीएल १०८. बायकोचं वजन ७४ आणि तिचं ट्रायग्लिसराइड ९६, एचडीएल ५४! घरात तेल मोजून वापरा म्हणून मागे लागणारा मी, आता रोज टोमणे खातोय. कोलेस्टेरॉल २०० च्या आत आहे म्हणजे काळजी नाही ना?

रिपोर्टवाली_ताई
साताऱ्यात लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

कोलेस्टेरॉलच्या बेरजेवर जाऊ नका. त्यात एचडीएलही, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉलही, धरलेलं असतं. ते कमी असलं की बेरीज आपोआप गोंडस दिसते. १८८ मधून ३३ काढा, उरले १५५. हे नॉन-एचडीएल, साधारण १३० च्या आत हवं. व्हीएलडीएलपुढे (ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाहून नेणारे कण) ४७ छापलं असेल बघा. ते कुणी मोजलेलं नसतं, ट्रायग्लिसराइडला ५ ने भागलेलं असतं. १८८ मधून एचडीएल आणि हे ४७ दोन्ही वजा केलंत की तुमचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०८ येतं. १९७२ चं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे हे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की चालत नाही.

आता ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा. ३ च्या वर गेलं की शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची शंका येते. तुमचं ७ च्या वर, वहिनींचं २ च्या आत. आणि तेलाचं म्हणाल तर ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, मैदा आणि दारूचा हात मोठा असतो.

काटा राहू दे, टेप घ्या आणि कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता. पॅन्टचा नंबर सांगू नका, ती सगळे पोटाखाली बांधतात.

रास्ता_पेठ
पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच तर सांगत आलेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तुमचा बीएमआय साडेएकवीसच्या आसपास येतो, म्हणजे तुम्हीही त्याच फोटोतले.

शंकासुर
एका रिपोर्टवर एवढं रामायण? आदल्या रात्री पार्टी झाली असेल तरी आकडा चढतो. थायरॉइड मंद असेल तरीही.

हडकुळा_पुणेकर
पार्टी नव्हती, बारा तास उपाशी होतो. कंबर ९४ सेंमी भरली. बायकोने स्वतः मोजली, आनंदाने.

रिपोर्टवाली_ताई
आपल्याकडच्या पुरुषांना हद्द ९० ची, बायकांना ८० ची. चरबी पोटाच्या आत साठली की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं आणि एचडीएल घसरतं, तुमच्या रिपोर्टात तेच दिसतंय. शंकासुरांचं थायरॉइडचं मात्र बरोबर आहे. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून फिजिशियनना दाखवा. ते पोटाची सोनोग्राफी सांगतील कदाचित, यकृतावर चरबी आहे का बघायला.

वहिनींचीही कंबर मोजा. चांगल्या रिपोर्टवर ७४ किलोचं वजन माफ होत नाही, गुडघे आणि बीपी वेगळा हिशोब ठेवतात. पण टेप तुम्ही धरू नका!