सीबासच्या बॅचमध्ये ८१ टक्के नर : कारण प्रजनकांत शोधायचे की तापमानात?

प्रश्न (हॅचरी_तंत्र): युरोपियन सीबास या समुद्री माशाची बॅच, वय २६० दिवस. वर्गवारीतल्या सगळ्या आकारांतून मिळून १०० मासे चिरले, त्यात ८१ नर. अंडी उबल्यापासून पाणी २० अंश सेल्सिअसवर होते. प्रजनक (बॅचचे आईबाप मासे) ४ माद्या आणि १२ नर, एकाच टाकीत सामूहिक अंडी. माद्या जास्त वाढतात, शिवाय काही नर पहिल्याच वर्षाअखेर पक्व होऊन मागे पडतात, त्यामुळे फटका दुहेरी. सॅल्मनमध्ये पराचा तुकडा घेऊन एसडीवाय या नर ठरवणाऱ्या जनुकाच्या पीसीआरवर (डीएनए चाचणीवर) लिंग कळते. सीबाससाठी अशी चाचणी आहे का? संप्रेरके वापरायची नाहीत.

जनुक_वाचक: तशी चाचणी नाही, आणि ती कुणी करायची राहून गेली असेही नाही. सॅल्मनमध्ये एक जनुक लिंग ठरवते. फुगू माशात तर एएमएचआर२ जनुकातला डीएनएच्या एकाच अक्षराचा फरक पुरतो. सीबासमध्ये लिंगगुणसूत्राची जोडी नाही. मादी होण्याचा कल अनेक जनुकांत थोडा थोडा वाटलेला आहे, आणि त्यावर तापमानाचा परिणाम होतो. म्हणून काही कुटुंबांत माद्या जवळजवळ नसतात, तर काहींत निम्म्याहून अधिक असतात, तेही एकाच टाकीत, एकाच पाण्यात.

या कलाची आनुवंशिकता मात्र चांगली आहे, अंतर्निहित मापावर (नर-मादी या दोन खान्यांमागच्या सलग कलाच्या मापावर) १ पैकी ०.६ च्या आसपास, त्यामुळे निवड चालते. वाढीच्या कलाशी त्याचा धन संबंध आहे, म्हणजे वाढीसाठी निवड करताना माद्यांचे प्रमाणही हळूहळू वर सरकते. तुमची अडचण ४ माद्यांची आहे. सामूहिक अंड्यांत बहुतेक पिल्ले एकदोन माद्यांची निघतात, आणि त्यातली एखादी नर-कलाची असली की अख्खी बॅच तिच्या मागे जाते. प्रजनकांच्या पराचे तुकडे ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि चिरलेल्या १०० माशांचे मातापितृत्व तपासून घ्या. कुटुंबनिहाय आकडा हाती आल्याशिवाय एकाही प्रजनकाला काढू नका.

पाणी_आणि_अळी: प्रजनक तपासा, पण पहिला संशय २० अंशांवरच घ्यायला हवा. पहिल्या ६० दिवसांत १७ अंशांपेक्षा गरम पाणी मिळाले की मादी होऊ शकली असती अशी बरीच पिल्ले नर होतात. यातला एक दुवा माहीत आहे. अ‍ॅरोमॅटेज एन्झाइम अँड्रोजेनचे (नर-संप्रेरकाचे) एस्ट्रोजेन (मादी-संप्रेरक) करते आणि त्यावर बीजांडकोश घडतो. उष्णतेने जननग्रंथीतल्या सीवायपी१९ए१ए या अ‍ॅरोमॅटेजच्या जनुकाच्या प्रवर्तकावर (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर) मिथाइल गट (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) वाढतात आणि जनुक दबते. किशोर नरांत हे मिथायलेशन माद्यांच्या दुप्पट आढळले आहे. जननग्रंथी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी हे घडते, म्हणून नंतर पाणी थंड करून उपयोग नाही.

पुढच्या बॅचला अंडी १३ ते १५ अंशांवर उबवा, अळ्या ६० दिवसांपर्यंत १६ अंशांवर ठेवा, मग रोज अर्ध्या अंशाने २० वर न्या. वाढ मंदावेल आणि आर्टेमिया (अळ्यांचे जिवंत खाद्य) जास्त दिवस लागेल, त्याची तयारी आधीच ठेवा.

हॅचरी_तंत्र: मग सुरक्षिततेसाठी १२० दिवसांपर्यंत १६ अंश ठेवले तर?

पाणी_आणि_अळी: नको! अळी अवस्थेत थंडी माद्यांच्या बाजूने काम करते, पण तीच बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) वयात लांबली तर परिणाम उलटतो आणि नर वाढतात. ६० दिवसांनंतर गरम करणे हा प्रयोगाचाच भाग समजा.

ऊतक_तपासणी: आकड्याबद्दल थोडे. १०० पैकी १९ माद्या, म्हणजे खरे प्रमाण साधारण ११ ते २७ टक्के. ३० माशांवर निष्कर्ष काढणारे फार असतात, तिथे अंदाज १५ टक्क्यांनी इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो. वर्गवारीचा सापळा त्याहून वाईट, कारण माद्या आधीच मोठ्या असतात. फक्त मोठा गट तपासला तर त्या जास्त दिसतात, आणि लहान मासे आधीच टाकून दिले असतील तर नर कमी दिसतात. प्रत्येक गटातून त्याच्या संख्येच्या प्रमाणात मासे घ्या, टाकलेल्यांचीही नोंद ठेवा.

१२ सेंमीखालच्या माशांत नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. नराचे वृषण उशिरा घडते, त्यामुळे अविकसित ग्रंथी सहज ‘नर’ म्हणून मोजली जाते. शंका असेल तिथे ग्रंथी बोइन द्रावणात (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) स्थिर करून सूक्ष्मदर्शकाखाली ५ ते ७ मायक्रोमीटरचे काप पाहा. लवकर उत्तर हवे तर जननग्रंथीतली सीवायपी१९ए१एची अभिव्यक्ती (जनुक किती चालू आहे ते) मोजता येते. भावी माद्यांत ती काप वेगळे दिसण्याआधीच चढते. पण ग्रंथी दोऱ्यासारखी असते, शेजारचे ऊतक आले की मोजमाप बिघडते.

जनुक_वाचक: दोन्ही कारणे वेगळी करायची तर एकाच दिवसाची अंडी दोन भागांत वाटा. ३ टाक्या १६ अंशांवर, ३ टाक्या २० अंशांवर, ६० दिवसांनंतर सगळ्या सारख्याच तापमानावर. १६ अंशांच्या टाक्यांत माद्या स्पष्टपणे वाढल्या तर दोष पाण्याचा. दोन्हींकडे नरच राहिले तर कुटुंबनिहाय आकडे पाहून नर-कलाच्या माद्या बदला. ट्रिप्लॉइडी (गुणसूत्रांचे तीन संच देऊन मासे वांझ करणे) सुचवणारे भेटतील, पण तिने नर-मादीचे प्रमाण सुधारत नाही.