बाबांचं वजन तेवढंच, मग मांड्या कशा वाळल्या?

पऱ्हाटीवाला, दारव्हा
बाबा ६४ वर्षांचे. हार्ट फेल्युअर, पंपिंग ३० टक्के, औषधं वर्ध्याची. मागच्या पोळ्याले बैलाची वेसण धरून तोरणापर्यंत चालत गेले होते. यंदा बाजेवरून उठायले हाताचा टेकू लागते. मांड्या पऱ्हाटीच्या काडीसारख्या झाल्या. पण काटा तेव्हाही ५८, आताही ५८! अर्ध्या भाकरीतच पोट भरलं म्हणतात. हृदयाचं दुखणं म्हणून आईनं अंडी बंद केली, वरण तर पाणीच. मास गेलं कुठं?

उपकेंद्रातली ताई
दादा, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो का? पडत असेल तर मास गेलं आणि त्या जागी पाणी भरलं. काट्याला दोन्ही सारखंच. सूज आतड्यांवरही येते, म्हणून भूक मरते. त्यात अंगात सतत दाह आणि हालचाल कमी, मग स्नायू झिजतात. सूज उतरल्यावरचं वजन खरं धरा. वर्षभरात ते ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे तुमच्या बाबांचं ३ किलोच्या आसपास घटलं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पोटरी मोजू नका, सूज फसवते. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठबस करायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची ताकद कमी. धाप लागली की थांबवा. आणि तीन दिवसांत २ किलो वाढलं तर लगेच दवाखाना.

बाप्पा_वाशीम
आमच्या मायचंही असंच झालं होतं. आधी किडनीचा रिपोर्ट पाहा, मग डॉक्टरले विचारून वरण घट्ट करा, अंडं सुरू करा. एका वेळी थोडं, पण चार वेळा. लोणचं-पापड बंद! ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र आणू नका राजा, त्यात पोटॅशियम असते, काही गोळ्यांसंगं ते रक्तात वाढते. अन् दवाखान्यानं सांगितलं तेवढं चालवा. बाजेवर पडून पाय वाळतेतच.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
खड्डा पडला, ताई. वर्ध्याले फोन केला, त्यांनी लघवीची गोळी वाढवली. आठ दिवसांनी काटा ५४. उठबशीले १७ सेकंद लागले, तिसऱ्यांदाच गुडघ्यावर हात ठेवला, म्हणून ते मोजू की नको? बुधवारी वही घेऊन जातो.